वहिनीची बाटली आणि येळवसेचं ताक

माझ्या वहिनीवर अन्याय झाला. गेल्या वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवसेला, सकाळी, आंबिलीची घागर, आमची बिंदगी, आईच्या डोक्यावर चढायच्या थोडं आधी, आमच्याच घरात, आमच्याच मोरीपाशी. करणारा कुठला कारखाना नव्हता की कुठला साहेब नव्हता. आम्हीच. चाकूरजवळच्या एका गावातलं, जमीनजुमला असलेलं, आब राखून असलेलं लिंगायत घर.

मी नांदेडात एका संघटनेत काम करते. तिथे मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की आधी कुणाचं काय गेलं ते सांगायचं, संताप नंतर. म्हणून तेच सांगते. वहिनीच्या एका काचेच्या बाटलीतलं पाणी गेलं. बाटली अजून आमच्या घरात आहे. आतलं गेलं.

आत जंतू होते. मिथेन खाणारे.

आमच्या गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आहे. शेण कुजतं, गॅस होतो, त्यातला जळणारा भाग म्हणजे मिथेन. आमची शेगडी त्यावरच पेटते. टाकीच्या कडेने, फुटक्या नळीतून, कुजलेल्या शेणाची रबडी बाहेर पडते त्या खड्ड्यातून यातला बराचसा गॅस नुसताच हवेत जातो आणि हवा तापवतो. यावर मी नांदेडात पत्रक काढलं होतं, बसस्टँडवर उभी राहून वाटलं होतं. पण हाच गॅस खाऊन जगणारे जंतू त्याच खड्ड्याच्या काठाला असतात, हे मला वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा कळलं. ती नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. लग्नानंतर लातूरच्या एमआयडीसीत एका शेडवजा प्रयोगशाळेत लागली.

तिथलं काम तिने मला एकदा शेगडीपुढे बसून समजावलं. या जंतूंना मिथेन भरपूर द्यायचा आणि खत तोडायचं. खत नाही म्हटल्यावर ते वाढू शकत नाहीत, मग खाल्लेलं अंगात साठवायला लागतात, माणूस चरबी साठवतो तसं. ती साठवण बाहेर काढली की पांढरी भुकटी मिळते. त्या भुकटीचं प्लास्टिक होतं, मातीत कुजून जाणारं. आज कारखाने हाच माल खनिज तेलातून काढतात. "आपण शेणातून काढू," ती म्हणाली आणि नखाएवढा एक पातळ पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. कांद्याच्या सालीसारखा. मी तो माझ्या पत्रकांच्या फायलीत ठेवला आणि नांदेडात दहा जणांना दाखवला. माझी वहिनी, मी म्हणायचे. माझी वहिनी हे करते.

तिच्याबरोबरचे लोक सिलिंडरमधला शुद्ध मिथेन वापरायचे. वहिनीचं म्हणणं, गावात सिलिंडर कोण आणून देणार? आमच्या कच्च्या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो, त्यात जंतू मरगळतात. तिने आमच्याच रबडीच्या खड्ड्याच्या काठचा गाळ नेला आणि त्यातल्या जंतूंना कित्येक महिने रोज थोडा थोडा कच्चा गॅस देऊन त्याची सवय लावली. शेवटी ते टिकले. एक जात नव्हती ती, एकमेकांच्या आधाराने राहणारं एकत्र कुटुंब होतं. त्यांना बर्फात गोठवून ठेवलं तर त्यातले निम्मे परत उठत नाहीत, हे तिने करून पाहिलं होतं. म्हणून जिवंतच ठेवायचे, रोज खाऊ घालायचं. फिकट गुलाबी पाणी, बस. बघणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही.

येळवसेनंतरच्या आठवड्यात कामाला पैसा देणारे काही लोक ते बघायला येणार होते. कच्च्या गॅसवर चालतं हे त्यांना पटलं असतं तर तिचं काम पुढे चालणार होतं. आणि काम चाललं तरच सकाळची लातूरची गाडी तिला मिळणार होती, कारण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच कबूल केलं होतं: "तेवढं दाखवून होऊ दे. मंग बघू." आमच्या घरात "मंग बघू" म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप करतात, आत पांडवांची पूजा होते, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील. वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं, नाही म्हणायचं नाही. लातूर शहरात दुपारी कर्फ्यू लागल्यासारखं होतं. वहिनीच्या शेडचा राखणदारसुद्धा कुलूप लावून शेतात जाणार होता.

वहिनीने आदल्या आठवड्यात विचारलं होतं, मी लातूरला राहू का, एकच दिवस. आप्पा म्हणाले, "घरची सून कोपीत न्हाई, आन् पूजेला कोन बसणार? मशीन?" दादा, माझा भाऊ, तिचा नवरा, ताटाकडे बघत जेवत होता. मग तिनेच तोड काढली. बाटली घरी आणते, आपल्या गॅसवर एक दिवस ठेवते, दुसऱ्या दिवशी परत नेते. कुणाची हरकत नव्हती. कुणी ऐकतच नव्हतं, असं मला आधी वाटायचं.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी तिने बाटली आणली. निळ्या झाकणाची, जाड काचेची, झाकणात रबराची चकती. शेगडीच्या नळीतून मोठ्या सिरिंजने गॅस घेऊन तिने सुई चकतीतून आत घातली, बाटली हलवली आणि चुलीपासून लांब, गोठ्याकडच्या ओसरीत, भिंतीतल्या उंच देवळीत ठेवली. आईला म्हणाली, "आत्या, याला हात नका लावू बरं. उद्या कोपीतली पूजा, जेवणं झाली की मी येऊन पुन्हा गॅस देते." आई मान डोलावून म्हणाली, "हाव."

यातलं मी काही पाहिलेलं नाही. मी नांदेडात होते. हे सगळं मला नंतर एकेकाकडून काढून घ्यावं लागलं.

मी सकाळच्या गाडीने निघाले. लोहा, अहमदपूर. अहमदपूरनंतर गाडीत कंडक्टर, मी आणि एक म्हातारे गृहस्थ. चाकूरला उतरून शेताची वाट धरली. दोन शेतांतून हाका आल्या, "या की, जेवून जावा!" मी हात हलवत आमच्या कोपीपर्यंत आले. ऊन चढलेलं. आईने मला बघताच म्हटलं, "आलीस? तोंड बघ कसं झालंय. ताक पी आधी," आणि एक काचेची बाटली हातात दिली. गार ताक, वरून जिरं. मी उभ्यानेच लावली तोंडाला. आणि म्हणाले, हे मला आठवतंय, म्हणाले, "काय झ्याक बाटली हाय गं आई, कुठून आणली?"

वहिनी कोपीत नव्हती. बांधावर उभी राहून वाटसरूंना हाका मारायचं काम नव्या सुनेचं, ती तिकडे होती. ती आली तेव्हा हसत आली, डोक्यावरचा पदर सावरत. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "ताई, तुम्ही प्यालात?"

"हो. का?"

"अजून कोण प्यालं?"

सगळेच प्यालेले. तिने आईला विचारलं, "आत्या, बाटली कशाने धुतली?" आई म्हणाली, "राखेनं घासली. मंग कडक पान्यानं इसळली. लई येळा. चांगली हाय की." वहिनीने श्वास सोडला. "मग काही होणार नाही. ते तसेही माणसाला काही करत नाहीत." आधी तिने आमची पोटं तपासली. मग खाली बसली.

"आन् आतलं?" मी विचारलं. मला तेव्हा कुठे कळायला लागलं होतं.

"मोरीत वतलं," आई म्हणाली. "तांबूस पानी होतं. नासल्यावानी. ताकाला भांडंच न्हवतं शिल्लक, सगळी बिंदगीला, खिरीला लागली."

आप्पा कोपीच्या तोंडाशी बसलेले, ते म्हणाले, "इरजन असतंय न्हवं तसलंच ते? परत लाव की. त्यात काय."

शेजारच्या शेतातले चुलते जेवायला आलेले होते. त्यांना सांगावं लागलं काय झालंय ते, म्हणजे आप्पांनीच सांगितलं, गंमत म्हणून. "सूनबाईनं गॅस खानारे किडे पाळले होते." चुलते दादाकडे बोट करून म्हणाले, "आरं मंग वतले कशाला! ह्याच्या पोटात सोडायचे. भज्जी खाल्ल्यावर रातभर ह्यो कोप उडवतो." कोपीत हशा झाला. चुलते माणूस चांगला आहे, विनोद चांगला होता, मलाही हसू फुटलं. वहिनी माझ्या समोर होती.

तिने त्यानंतर सगळ्यांना वाढलं. चुलत्यांना खिरीचा आग्रह केला. दादा म्हणाला, "सणाच्या दिवशी तोंड पाडून नको बसू." ती तोंड पाडून बसलेलीच नव्हती. वाढत होती.

दिवस कलताना आम्ही घरी आलो. पोरं पेटते हेंडगे, कडब्याच्या मशाली, घेऊन शिवारात फिरायला लागली होती, लांबून उजेड दिसत होता. मी पाय धुवायला परसात गेले. आमच्या मोरीचं पाणी मागे आळूच्या वाफ्यात सुटतं. वहिनी तिथे बसलेली. सणाची इरकली साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत चिखलात. एका डब्यात तो गाळ भरत होती.

"मिळतील?" मी विचारलं.

"राख, कढत पाणी, साबण. सगळं इथूनच गेलंय." ती म्हणाली. "बघते."

आई मागच्या दारात आली. "अगं, उठ तिथून! शेजारचे बघतेत. गटारीत हात घालून राहिली. काय म्हणतील, ह्यांच्या घरी सुनंला असं..." वाक्य पुरं झालं नाही. आईला शरम वाटत होती. तिची शरम शेजाऱ्यांपुढची होती. माझी कसली होती ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी सरकारी कचेऱ्यांपुढे घोषणा दिल्यात, माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तिथे तो निघाला नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर लातूरला गेले. हट्ट करून गेले. मला वाटत होतं, मी तिच्या बाजूने बोलेन. शेडमध्ये तिचे सर होते, शांत माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण घरी नेलीच कशाला?"

मी तोंड उघडलं. वहिनीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, जोरात. "चूक माझी झाली, सर. बाटली सांडली." आईचं नाव नाही, दादाचं नाही, आप्पांचं नाही. शेड बंद होती म्हणून नेली, घरच्यांनी राहू दिलं नाही म्हणून नेली, यातलं एक अक्षर नाही.

पुढच्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांना सिलिंडरवरचे जंतू दाखवले. त्यांना ते आवडले म्हणे. कच्च्या गॅसचं काम "सध्या थांबवू" असं ठरलं. सर वाईट नाहीत. कच्च्या गॅसवर टिकणारे जंतू तिने पुढच्या येळवसेच्या आत पुन्हा तयार करून आणले तर तिची जागा आहे, असं ते म्हणाले. पण तोवर रोज यायचं कारण नाही. आळूच्या वाफ्यातला गाळ तिने लावून पाहिला होता. त्यातून नुसती दुर्गंधी उगवली.

घरी सगळ्यांना बरंच वाटलं. आई म्हणाली, "चला, धावपळ वाचली पोरीची." प्रेमाने म्हणाली. हे लिहिलंच पाहिजे, कारण वाचणाऱ्याला वाटेल आमचं घर दुष्ट आहे. नाही. वहिनीला ताप आला तर आई रात्रभर उशाशी बसते. आप्पा तिला "बाई" म्हणतात, कधी आवाज चढवत नाहीत. माझं दुखणं नेमकं हेच आहे. दुष्टांवर पत्रक काढायला मला येतं.

पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा आईला एकटी गाठली. ती धान्य निवडत बसली होती.

"आई, खरं सांग. तिनं सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग गडबडीत विसरलीस?"

आईने सूप खाली ठेवलं. मला वाटतं, माझ्यासाठी "हाव" म्हणणं तिला सोपं होतं. ती म्हणाली, "न्हाई विसरले. ध्यानात होतं की तिचं हाय. पर ताकाला भांडं न्हवतं. मला वाटलं, तिचं काय, ती परत करंल."

"आणि देवळी एवढी उंच. तुझा हात कसा पोचला?"

"तुझ्या दादानं काढून दिली."

"त्याला माहीत होतं?"

"त्याचीच बायको हाय ती," आई म्हणाली. "त्याला न्हाई ठावं, मंग कुनाला?"

त्या सकाळी आप्पाही ओसरीतच दाढी करत होते, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे तिघांच्या डोळ्यांदेखत. कुणी विसरलं नव्हतं, कुणी चुकून उचलली नव्हती. एका पारड्यात एका बाईचे कित्येक महिने आणि दुसऱ्यात दुपारचं ताक, आणि आमच्या घराला ताक जड वाटलं. इतकं सहज, की कुणाला आपण काही ठरवलंय असंही वाटलं नाही.

मी दादाला फोनवर खूप बोलले. तो म्हणाला, "तू पत्रकवाली. तुला सगळीकडं मोर्चाच दिसतो." मी म्हणाले, तिला एकदा चुकलं म्हण. तो म्हणाला, "नवराबायकोत असं चुकलं-बिकलं म्हनत न्हाईत." आजपर्यंत कुणी म्हटलेलं नाही. मी म्हटलं. वहिनी म्हणाली, "तुम्ही कुठे होता तिथे?" मी म्हणाले, हसले ना. ती म्हणाली, "हो. हसलात," आणि विषय बदलला.

ती बाटली अजून ताकाचीच आहे. आमच्या फ्रीजच्या दारात असते. रबराची चकती हरवली, झाकणाला आईने प्लास्टिकचा तुकडा लावलाय. मी गावी गेले की ती बाटली काढते, हातात धरते, परत ठेवते. ओतून टाकायची होते हिंमत, पण मग मीही न विचारताच ओतणार. वहिनीला विचारलं, परत देऊ का तुला? ती म्हणाली, "नको. वास बसलाय ताकाचा. मला दुसऱ्या लागतील, पुष्कळ."

म्हणजे तिने पुन्हा सुरू केलंय. गोठ्याच्या एका कोपऱ्यात, एका जुन्या कपाटात, यावेळी कुलूप लावून. सासरी आल्यावर तिने घातलेलं हे पहिलं कुलूप. आप्पा त्यावर नाराज आहेत. "घरात कुलूप? आमच्यावर इश्वास न्हाई?" ती म्हणते, "मामा, किल्ली इथेच असते," आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवून ठेवते.

पण आमच्या खड्ड्याच्या काठचा गाळ दादाने मधे उकरून शेतात टाकला. दुष्टपणाने नाही, खत म्हणून. आता त्यात तसे जंतू मिळत नाहीत. तिला दुसऱ्या टाक्यांचा गाळ पाहिजे. जुन्या, गळक्या, वर्षानुवर्षं एकाच जागी बुडबुडे सोडणाऱ्या. जितक्या वेगवेगळ्या मिळतील तितकं बरं, कारण कुठले जंतू कच्च्या गॅसला टिकतील ते आधी सांगता येत नाही. येळवस पुन्हा येतेय. सरांची मुदत तीच आहे, आणि आप्पांचं "मंग बघू"ही तिथेच संपतं.

म्हणून हे पत्रक. घरचं चव्हाट्यावर आणलं म्हणून आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

तुम्ही हे चाकूरला वाचत असाल, भोकरला वाचत असाल, उदगीर-निलंग्याकडे वाचत असाल, आणि तुमच्या गोठ्यामागे जुना गोबरगॅस असेल, तर आज उठा. रबडी बाहेर पडते त्या खड्ड्याच्या काठाला, जिथे बुडबुडे फुटतात तिथला गाळ एका स्वच्छ बाटलीत घ्या. बाटली काठोकाठ भरू नका, वर हवा राहू द्या. हे पत्रक ज्याने तुमच्या हातात दिलं त्याच्याकडे ती द्या, तो माझ्यापर्यंत पोचवेल. पण बाटली कपाटातून काढायच्या आधी घरातल्या बाईला विचारा, ही कुणाची आहे, आत काय होतं, घेऊ का. ती नाही म्हणाली तर दुसरी शोधा. आणि ती आधी कधी कुठल्या कामाला जात होती, ते का थांबलं, हे तुम्हाला ठाऊक असेल, तर गाळ नंतर द्या. आधी आत जाऊन तिला म्हणा, चुकलं.